काड्यांची बाटली आणि सावनेरचा उन्हाळा

रीड डिफ्यूझरच्या, म्हणजे काड्यांनी सुगंध सोडणाऱ्या बाटलीच्या, खोक्यावर बहुधा छापलेले असते की ही बाटली आठ ते बारा आठवडे टिकेल. हा हिशोब धरलेला असतो तो बंद खोलीचा. तिथे तापमान वीस-पंचवीस अंश असते आणि वारा जवळजवळ नसतो. सावनेरच्या घरात अशी खोली फार तर डिसेंबर-जानेवारीत सापडेल. मे महिन्यात त्याच घराच्या खिडकीला कूलर लागलेला असतो, भिंती रात्री दहापर्यंत तापलेल्या असतात आणि बाटलीतले तेल खोक्यावरच्या मुदतीच्या कितीतरी आधी तळाशी गेलेले असते. मग दुकानदाराला दोष दिला जातो, नाहीतर कंपनीला. खरा हिशोब असतो हवेचा, आणि तो कळला की ही बाटली वापरणे अगदी सोपे काम आहे.

सावनेर हे नागपूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवरचे, कोलार नदीकाठचे तालुक्याचे गाव. बैतूलचा आणि छिंदवाड्याचा असे दोन रस्ते इथे फुटतात. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असते ते राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी इथे वारले म्हणून. या प्रकरणात मात्र ते आले आहे हवामानासाठी. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. त्याच परिसरात हिवाळ्याच्या पहाटे तो दहाच्या खालीही उतरतो. मधले चार महिने पावसाचे. म्हणजे एकाच कोनाड्यात ठेवलेली एकच बाटली वर्षभरात तीन वेगळ्या हवांना तोंड देते. ती वर्षभर एकाच पद्धतीने वापरली, तर दोन ऋतूंत तरी फसणारच.

काडीतून तेल चढते कसे

बाटलीत तेल, तेलात सहा-आठ काड्या, आणि काडीच्या वरच्या टोकाकडून सुगंध हवेत. यात वीज नाही, ज्योत नाही. काडीच्या आत लांबीभर अतिशय बारीक नळ्या असतात. द्रव अशा नळीच्या भिंतीला धरून आपोआप वर चढतो; नळी जितकी बारीक तितका तो उंच जातो. नळीची रुंदी निम्मी झाली तर उंची दुप्पट होते. समईची वात तेल ओढते ती याच नियमाने, आणि डास पळवणाऱ्या विजेच्या मशीनमधली काळी कांडीही याच नियमाने. तिथे वरचे टोक तापवले जाते इतकेच. रीड डिफ्यूझरमध्ये तापवण्याचे काम खोलीची हवा करते. म्हणून खोली कशी आहे यावर सगळे अवलंबून.

काडी वेताची असते. वेत आतून भरीव दिसतो, पण त्यातल्या नळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतात. बांबूचे तसे नाही. त्याला पेरे असतात, पेऱ्यापाशी आडवा पडदा असतो, आणि चिरून काढलेली काडी फार घट्ट असते. वेत आणि बांबू दोन्ही हाताळणाऱ्या बुरुडाला हा फरक सांगावा लागत नाही. आपल्याला पाहायचा असेल तर वेताच्या काडीचा दोन-तीन इंचांचा कोरा तुकडा घ्यावा, एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवावे आणि दुसऱ्या टोकातून जोरात फुंकावे. पाण्यातल्या टोकावर बारीक बुडबुड्यांचा फेस येतो. भेळेच्या गाडीवरची बांबूची काडी किंवा उदबत्तीची उरलेली काडी घेऊन हेच करा. गाल दुखतील, बुडबुडा येणार नाही. ‘काड्या हरवल्या म्हणून सीख-कबाबच्या काड्या घातल्या आणि वासच येईना’ या तक्रारीचे उत्तर त्या फेसात आहे. हल्ली दाबलेल्या कृत्रिम धाग्यांच्या, काळ्या किंवा पांढऱ्या काड्याही मिळतात. त्या तेल सारखे ओढतात आणि वेतापेक्षा कमी चोंदतात.

आता तेल. बाटलीत ज्याला आपण तेल म्हणतो त्यात सुगंधी द्रव्य साधारण दहा ते पंचवीस टक्के असते. उरलेला भाग वाहक द्रवाचा. डायप्रोपिलीन ग्लायकॉल हा त्यातला नेहमीचा. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो आणि तो सावकाश उडतो. स्वस्त बाटल्यांत अल्कोहोल जास्त असते. ते पहिल्या दोन दिवसांत घर भरून टाकते आणि पंधरवड्यात बाटली रिकामी करते.

सुगंधी द्रव्यही एकजिनसी नसते. लिंबू-संत्र्याचे हलके घटक आधी उडतात, गुलाब-मोगऱ्याचे त्यांच्या मागून, आणि चंदन, वाळा, कस्तुरीसारखे जड घटक शेवटपर्यंत मागे राहतात. नवी बाटली आणि महिनाभराची बाटली यांचा वास वेगळा लागतो तो यामुळे. तिच्यात भेसळ झालेली नसते. तिच्यातले हलके घटक निघून गेलेले असतात.

आपल्याकडचा जुना हिशोब

वास धरून ठेवायचा आणि हळूहळू सोडायचा, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हे सुगंधशास्त्रावरचे दोन संस्कृत ग्रंथ आहेत. ‘गंधवाद’वर जुनी मराठी टीकाही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकात या ग्रंथांच्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ‘गंधसारा’त सुगंधी द्रव्य सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. यातले वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून दुसऱ्या वस्तूत वास उतरवणे. जड द्रव्य हलक्या वासाला धरून ठेवते, ही आजच्या बाटलीमागची समज त्या कामात रोजच्या व्यवहाराची होती.

दुसरी गोष्ट सावनेरच्या अंगणाजवळची. सातपुड्याच्या उतारांवर रोशा नावाचे गवत वाढते. विदर्भात त्याला तिखाडी म्हणतात. हातावर चुरडले की गुलाबाजवळ जाणारा, जरा तिखट वास येतो. एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड, बैतूल, मेळघाट या पट्ट्यात या गवताचे तेल काढण्याच्या भट्ट्या लागत. ते मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जाई. भेसळ खपून जाई, कारण दोन्हींत जिरॅनिऑल हे एकच मुख्य द्रव्य भरपूर असते. आज ‘रोझ’ असे लिहिलेल्या डिफ्यूझरमध्ये बहुधा तेच असते, मग ते गवतातून आलेले असो की कारखान्यातून. गुलाबाच्या पाकळीचा त्याच्याशी संबंध असेलच असे नाही.

आणि तिसरा वाळा. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने वाळ्याच्या मुळांनी शाकारलेल्या झोपड्यांची नोंद केली आहे. त्यांवर पाणी मारले की भर उन्हाळ्यात आत गारवा येई. विदर्भात वाळ्याच्या ताट्या दाराखिडक्यांना लागत. पुढे लोखंडी कूलर आला. त्यात लाकडाच्या भुशासारख्या तंतूंच्या ताट्या बसल्या, आणि नाव मात्र अजूनही ‘खसच्या ताट्या’ असेच चालते. वाळ्याचे सुगंधी घटक फार जड असतात, सहजी उडत नाहीत. म्हणून बेचाळीस अंशांतही वाळ्याची जुडी आठवडेच्या आठवडे मंद वास देत राहते. रीड डिफ्यूझर नेमका जिथे हरतो तिथे वाळा टिकतो, ही गोष्ट ऋतूंच्या हिशोबात पुन्हा उपयोगी पडेल.

बाटली मांडताना

नव्या बाटलीत सगळ्या काड्या एकदम घालू नयेत. निम्म्या घालाव्यात, अर्ध्या-पाऊण तासाने त्या उलटाव्यात आणि एक दिवस थांबावे. काडीत तेल टोकापर्यंत भरायला तेवढा वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी बाहेरून घरात आल्यावर वास कमी वाटला तर एकेक काडी वाढवावी. दहा बाय दहाच्या खोलीला १०० मिलीलिटरच्या बाटलीत तीन-चार काड्या बहुधा पुरतात. हॉल मोठा असेल तर काड्यांची गर्दी करण्यापेक्षा दोन टोकांना दोन लहान बाटल्या ठेवलेल्या बऱ्या.

जागा निवडताना पाहायचे ते एवढेच : माणसांच्या येण्याजाण्याने हवा हलावी, पण वाऱ्याचा झोत नसावा. छपरीतून हॉलमध्ये येण्याचा कोपरा, न्हाणीघराबाहेरचा कोनाडा, चपलांच्या कपाटाची वरची फळी या चांगल्या जागा. खिडकीची चौकट, पंख्याच्या खालची जागा, कूलरसमोरचे टेबल आणि टीव्हीची वरची कड या वाईट. उंची कंबरेइतकी किंवा थोडी वर असावी. फार उंच ठेवले तर वास माणसाच्या डोक्यावरून जातो, आणि फार खाली ठेवली तर बाटली मुलांच्या हाती लागते.

बाटलीखाली काचेची, चिनी मातीची किंवा स्टीलची बशी हवीच. हे तेल सागवानी टेबलाचे पॉलिश उचलते, रंगावर पांढरा डाग सोडते आणि काही प्लास्टिके चिकट करते. थर्माकोलवर संत्र्याच्या सालीतले तेल पडले तर तिथे खड्डा पडतो. सांडलेच तर आधी कोरड्या कापडाने टिपावे, मग साबणाचे पाणी. ओल्या फडक्याने सुरुवात केली तर तेल पसरते.

दोन जागा मात्र पूर्ण वर्ज्य. पहिली देवघर. हे तेल पेट घेते. निरांजनाच्या आणि समईच्या शेजारी तेलाने भिजलेल्या काड्या उभ्या करणे म्हणजे काडेपेटी उघडी ठेवण्यासारखे आहे. देवापाशी फुले आणि उदबत्ती आहेच. दुसरी जागा गॅसच्या शेगडीजवळची. तिथे ज्योत आहेच, शिवाय आणखी एक कारण आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एथिल मरकॅप्टन हे कुजकट वासाचे द्रव्य मिसळतात. त्या इशाऱ्यावर लॅव्हेंडरचा पडदा टाकू नये. सावजी मटणाच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात राहिलेल्या वासासाठी खिडकी, एक्झॉस्ट पंखा आणि ओटा पुसणे हेच खरे.

आठवड्याचे काम

देखभाल म्हणजे आठवड्यातून पाच मिनिटे. रविवारी काड्या उलटाव्यात. खालचे भिजलेले टोक वर आले की वास ताजा होतो. उलटताना बाटली मोरीजवळ किंवा सिंकवर न्यावी, काड्या जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात धरून एकदम काढाव्यात आणि उलट घालाव्यात. एकेक काढली तर थेंब जमिनीवर पडतातच. नंतर हात साबणाने धुवावेत; डोळ्याला लागला तर हा द्रव चांगलाच झोंबतो. पाहुणे येणार म्हणून रोज काड्या उलटणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की प्रत्येक उलटण्याबरोबर तेल खर्च होते.

बाटलीच्या पाठीमागे कागदी चिकटपट्टी उभी लावावी आणि दर रविवारी तेलाच्या पातळीवर पेनाने रेघ मारावी. दोन रेघांमधले अंतर म्हणजे आठवड्याचा खर्च. तीन-चार रेघा झाल्या की आपल्या घरात बाटली किती दिवस जाते हे स्वतःलाच कळते. खोक्यावरच्या आकड्याला मग विचारावे लागत नाही. रेघा एकदम लांब-लांब पडू लागल्या की समजावे, ऊन किंवा वारा बाटलीपर्यंत पोहोचला आहे. रेघा हलेनाशा झाल्या तर काड्या चोंदल्या आहेत.

काड्या चोंदतात त्या दोन कारणांनी. जड सुगंधी घटक नळ्यांत साठतात, आणि वरच्या ओल्या टोकावर धूळ बसते. सावनेर तालुक्यात धुळीला कमी नाही. इथे कोळशाच्या खाणी आहेत, कोळशाचे ट्रक आहेत, तालुक्यातच खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्र आहे. छपरीतल्या खुर्चीवर बोट फिरवले की जी पूड बोटाला लागते तीच काडीच्या टोकावरही बसते, आणि तिथे तेल असल्याने ती पुसून जात नाही. वरचे टोक काळपट, चिकट दिसू लागले की काड्या बदलाव्यात. धुऊन वाळवून त्या पुन्हा वापरता येत नाहीत, कारण नळ्यांत पाणी शिरले की तेल चढत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा नव्या काड्या हा सर्वसाधारण नियम; रस्त्याकडेच्या घरात त्याहून लवकर. वासाचा प्रकार बदलला तर काड्याही बदलाव्यात. मोगऱ्याच्या काड्या कॉफीच्या वासाच्या तेलात घातल्या तर दोन्ही नासतात.

‘वास येत नाही’ असे वाटले की आधी नाक तपासावे. एकच वास सतत येत राहिला तर मेंदू त्याची दखल घेणे सोडतो. घरच्यांना काही जाणवत नाही आणि दारात आलेली शेजारीण म्हणते, “काय गं, आज काय शिंपडलं?” हे याच कारणाने. म्हणून घरात बसून वास जोखू नये. बाजारातून परत आल्यावर दारात उभे राहून पहिल्या दोन श्वासांत जोखावा. तेव्हाही वास नसेल तर काड्या बदलाव्यात. काड्या बदलूनही नसेल तर हलके घटक उडून गेले आहेत, म्हणजे उरलेला द्रव वाहकाचाच आहे. त्यात नवे तेल ओतण्यापेक्षा तो काढून टाकावा. मोरीत ओतू नये. लाकडाच्या भुशात किंवा रद्दीत जिरवून कचऱ्यात द्यावा. बाटली गरम साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. आत पाण्याचा थेंब राहिला तर नवे तेल गढूळ होऊ शकते.

तीन ऋतू, तीन रीती

तापमान साधारण दहा-बारा अंशांनी वाढले की अशा हलक्या तेलांचे उडणे दुप्पट होते. म्हणजे हिवाळ्यात वीस अंशांच्या खोलीत जे एक महिना पुरेल ते चाळीस अंशांत आठ-दहा दिवसांचे काम. वाऱ्याचा झोत असेल तर त्याहून कमी. एवढा एक हिशोब धरला की सावनेरचे वर्ष कसे काढायचे ते ठरते.

हिवाळा हा डिफ्यूझरचा खरा हंगाम. दारे-खिडक्या बंद, हवा संथ, रात्री घरात गारठा. तेल कमी उडते आणि जे उडते ते घरातच राहते. काड्या सहा-सात चालतात, उलटणे आठवड्यातून दोनदा झाले तरी हरकत नाही. लिंबूवर्गीय वास याच दिवसांत शोभतात आणि परवडतात, कारण ते सर्वांत लवकर उडणारे.

पावसाळ्यात तेलाचा खर्च मध्यम असतो, पण दुसरीच अडचण येते. ग्लायकॉल हवेतला दमटपणा शोषते, काड्याही ओलावतात, आणि वास मंद पडतो. त्यात भिंतीला ओल आलेली, कपडे घरात वाळत टाकलेले, कपाटात बुरशी. कुबट वासावर सुगंध चढवला की दोन्हींपेक्षा वाईट असा तिसरा वास तयार होतो. आधी ओल शोधावी, कपाट उघडे ठेवून पंखा लावावा, कपाटात भीमसेनी कापराची पुडी ठेवावी. बुरशी पुसली गेल्यावर मग चार काड्यांची बाटली. दर पंधरवड्याने काड्या तपासाव्यात.

मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत मात्र ही बाटली बंद करावी. कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो आणि घरातली हवा दुसऱ्या खिडकीने बाहेर काढतो. त्या हवेबरोबर सुगंधही कोलार नदीच्या दिशेने निघून जातो. बाटली रिकामी होते आणि घरात वास राहत नाही. काड्या फेकाव्यात, बाटलीला घट्ट बूच लावावे आणि थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. उघड्या तेलातले लिमोनिनसारखे (संत्र्याच्या सालीतले) घटक हवेशी संयोग पावून शिळे होतात आणि त्वचेला त्रासदायक ठरू शकतात, म्हणून बूच महत्त्वाचे. उन्हात उभ्या गाडीत बाटली कधीच ठेवू नये. लिमोनिनची वाफ ज्योत लागताच पेटू शकते असे तापमान अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपास आहे, आणि मे महिन्यात बंद गाडी ते सहज ओलांडते.

या तीन महिन्यांत वाळा. त्याच्या मुळ्यांची जुडी कूलरच्या ताटीला आतून बांधावी. माठातल्या पाण्यातही टाकता येते; तिथली जुडी वेगळी आणि स्वच्छ धुतलेली असावी. आठवड्यातून एकदा जुडी उन्हात कडक वाळवावी, बुळबुळीत झाली तर टाकून द्यावी. मे महिन्यात दुपारची आर्द्रता कित्येकदा वीस टक्क्यांच्या खाली जाते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, म्हणून कूलर गार हवा देतो आणि त्या पाण्याबरोबर वाळ्याचा वासही पसरतो. कूलरचे पाणी आठवड्याला पूर्ण ओतून टाकी घासावी. डेंग्यूच्या डासासाठी ते करायचेच असते, कुबट वासही त्यानेच जातो. डिफ्यूझरचे तेल मात्र कूलरच्या पाण्यात टाकू नये. तेल पाण्यात मिसळत नाही. ते ताट्यांवर आणि पंपावर बसते, आणि त्याचे बारीक तुषार घरातले सगळे श्वासातून ओढतात.

घरी भरायची बाटली

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि सावनेर हा संत्र्याच्या पट्ट्यातला तालुका. साहजिकच इथे पहिला विचार येतो तो सालींचा. संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून चिमटली तर ज्योतीत तडतडत ठिणग्या उठतात. ते सालीतले तेल, आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनिन. (हा प्रयोग मोठ्या माणसाने, हात लांब ठेवून करावा.) पण साल खोबरेल तेलात भिजवून ते बाटलीत भरले तर फसगत होते. खोबरेल, तीळ, सोयाबीन ही तेले घट्ट असतात आणि उडत नाहीत. काडीत चढली तरी तिथेच बसतात. खोबरेल तर चोवीस अंशांच्या खाली गोठते, म्हणजे सावनेरच्या डिसेंबरात काडीच्या आत त्याची पांढरी कांडी होते. साली पाण्यात उकळल्या तर तासभर घरात छान वास येतो. तेवढाच त्यांचा उपयोग मानावा.

बाटली पुन्हा भरायची असेल तर तयार ‘डिफ्यूझर बेस’ ऐंशी मिलीलिटर आणि सुगंधी तेल वीस मिलीलिटर हे प्रमाण पुरते. अत्तर थेट भरू नये. ते घट्ट असते आणि महागही. सुगंधी तेल घेताना ते घरातल्या हवेसाठी आहे की मेणबत्तीसाठी, हे विचारावे. १९२२ पासून मुंबईत सुगंधी द्रव्ये बनवणाऱ्या एस. एच. केळकर कंपनीसारख्या उत्पादकांचे ग्राहक मुख्यतः साबण, उदबत्ती, सौंदर्यप्रसाधने तयार करणारे असतात. किरकोळ दुकानात सुट्या बाटलीत येणारे तेल कोणत्या कामासाठी मिसळले आहे हे लेबलावर नसेल, तर ते घेऊ नये. बाटलीचे तोंड अरुंद असावे. रुंद तोंडाच्या बरणीतून तेल काड्यांऐवजी थेट हवेत जाते.

जपायचे ते

हिरव्या, केशरी रंगाचा हा द्रव खसच्या आणि संत्र्याच्या सरबतासारखा दिसतो. लहान मूल असलेल्या घरात बिनरंगी बाटली घ्यावी आणि हाताला येणार नाही अशी ठेवावी. मुलाने घोट घेतलाच तर ओकारी काढू नये. उलटी होताना तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. मांजर पाळलेल्या घरात टी ट्री तेलाचे वास टाळावेत. मांजराच्या यकृताला त्यातले घटक पचवता येत नाहीत.

उदबत्तीच्या धुराचा त्रास नको म्हणून अनेक जण डिफ्यूझरकडे वळतात. धूर नाही हे खरे, त्यामुळे धुराचे बारीक कण नाहीत हेही खरे. पण लिमोनिन हवेतल्या ओझोनशी संयोग पावले की थोडे फॉर्माल्डिहाइड तयार होते. वनस्पतीतून आले म्हणून ते निर्धोक ठरत नाही. दम्याचा रुग्ण, तान्हे बाळ किंवा वासाने डोके उठणारे कोणी घरात असेल तर त्यांच्या खोलीत बाटली नको. इतरांनीही दिवसातून दोनदा खिडक्या उघडाव्यात.

एकंदर हिशोब असा : सावनेर आणि आसपासच्या विदर्भात रीड डिफ्यूझर ही आठ-नऊ महिन्यांची वस्तू आहे. पाऊस सुरू झाल्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चार ते सात काड्या, दर रविवारी पाच मिनिटे, दोन-तीन महिन्यांनी नव्या काड्या एवढे केले की पैसे वसूल होतात. कूलरच्या दिवसांत त्यावर खर्च करू नये. बाटलीला बूच लावावे आणि वाळ्याची जुडी आणावी. ती स्वस्त आहे, पेट घेण्याची भीती नाही आणि सत्तेचाळीस अंशांत तीच टिकते.